निवळलेलं पाणी

माधवनगरच्या कापडगिरणीत पिंपाचं झाकण काढताच रुमाना आत वाकून पाहू लागली. काल ताकासारखं गढूळ असलेलं पाणी आज आरपार दिसत होतं.

"पानी लय निवळलं बगा, बाई," रंगखात्यातला अर्जुना म्हणाला. "बरं झालं न्हवं?"

"नाही, अर्जुनामामा. जिवाणू मेलेत. आता रंग खाणार कोण?"

रुमाना सांगलीच्या कॉलेजात संशोधन करायची. रत्नागिरीच्या समुद्रातून तिने आणलेले हे जिवाणू खारट पाण्यात जगायचे आणि कापडाचा रंग फोडायचे. गिरणीचा हौद लाल, खारट सांडपाण्याने काठोकाठ भरला होता. पिंपातले जिवाणू आज त्यात सोडायचे होते. मॅनेजर पाटणकरांनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत रंग गेला नाही, तर मी व्हॉल्व्ह उघडणार." ते पाणी ओढ्यात जाणार होतं, आणि ओढ्याकाठच्या विहिरीवर अर्जुनाची सगळी वस्ती पाणी भरायची.

तिने प्रयोगशाळेत पिंपातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शेपटीवाले इवले जीव सैरावैरा पळत होते, उरलेसुरले जिवाणू गिळत होते. चोर सापडला, असं वाटून तिला धीर आला. जिवाणूसुद्धा अडकतील इतक्या बारीक गाळणीतून तिने ते पाणी काढलं आणि चोर तेच असतील तर या गाळलेल्या पाण्याने काही बिघडणार नाही, हे ताडायला घाईघाईने राखीव जिवाणूंच्या चंबूत ओतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो चंबूही निवळला.

त्या गाळणीतून पार होतील ते फक्त विषाणू. जिवाणूत शिरायचं, आत वाढायचं आणि त्याला फोडून शेकड्यांनी बाहेर पडायचं, हे त्यांचं काम. राखीव जिवाणू तर तिने आपल्याच हाताने त्यांच्या तोंडी दिले होते.

रविवारी चंबू धुवायला उचलला, तेव्हा ती थबकली. उजेडात धरला. पाणी किंचित गढूळ होतं. विषाणूंना दाद न देणारे थोडे जिवाणू तगले होते आणि वाढत होते. पण ते रंग खातील का? तिने हौदातलं थोडं पाणी त्यात घातलं आणि समोर बसून राहिली. संध्याकाळी लाल रंग गुलाबी झाला होता.

सोमवारी तिने चंबू पाटणकरांपुढे ठेवला.

"हौदाला किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"आठवडा तरी. आणि विषाणूही बदलतात. खात्री देत नाही."

"मग मी कशावर थांबू?"

अर्जुना दारातूनच म्हणाला, "सायेब, त्या हिरीचं पानी आमी पितो."

हौदात आणखी पाणी येऊ नये म्हणून पाटणकरांनी रंगखातं बंद ठेवायला सांगितलं.

तगलेले जिवाणू वाढवून रुमानाने हौदात सोडले. हौद फिका व्हायला पंधरवडा लागला. तोवर पाटणकर रोज काठावर येऊन कुरकुरायचे, पण व्हॉल्व्हला त्यांनी हात लावला नाही.