लाल कापडाखालचा राजकुमार

साय शेठच्या नेट कॅफेत मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल बडवले जात होते, धुपाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते आणि देवऋषी कुओ काटेरी गोळा स्वतःच्या उघड्या पाठीवर आपटत होता. रक्त कमरेपर्यंत ओघळलं होतं. त्याच्या अंगात आलेला तिसरा राजकुमार, आमचा बालदेव, लहान मुलाच्या आवाजात किंचाळला, "मला पिवळं कुणी दिलं? माझी मशीनं रुसली!"

आमच्या च्यायी शहरात कॉम्प्युटरवर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात, म्हणजे तो शहाण्यासारखा वागतो. पाकीट हिरवंच हवं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, माझ्याही टेबलावर एक आहे, गंमत म्हणून. ह्या कॅफेत सफाई करणाऱ्या थाओला दुकानात हिरवी मिळाली नाहीत, तिनं पिवळी आणून ठेवली. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली पोर, तिला काय ठाऊक! त्याच आठवड्यात शेठनं सगळ्या कॉम्प्युटरांचे मदरबोर्ड बदलून घेतले होते, ते कुणी ध्यानातच घेतलं नाही. मशीनं गोठू लागली, झोपली की उठेनात, नेट गायब. खापर फुटलं थाओवर.

"भूत तिच्या हातात बसलंय! एका फटक्याला एक मशीन जागं होईल," कुओ गरजला.

दोघांनी तिला टेबलावर दाबलं. शेठच्या बायकोनं केस धरले. गोळा तिच्या उजव्या हातावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला.

"लियाओ बाई!" थाओनं टाहो फोडला. संध्याकाळी ती माझ्याकडे अक्षरं शिकायला येते. मी पुढं घुसले तर कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं, ओठ फाटला.

तेवढ्यात कुओचा भाचा जुनहाव मंत्र लिहायला म्हणून लाल कापड पांघरून एका मशीनपुढं बसला. ढोल वाढले. थोड्या वेळानं पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि नेट सुरू!

"राजकुमार मेला आणि जन्मला!" लोकांनी आरोळी ठोकली.

जुनहाव कापडासकट पुढच्या मशीनकडे सरकला. कुओनं थाओचा डावा हात ओढला. मला संताप आवरेना. मी वाकून ते कापडच ओढून काढलं.

"देवाच्या कामात हात घालतेस, सटवे!" कुओनं गोळा फिरवला. मी खाली बसले, तो मागच्या मॉनिटरवर आदळला. काचा उडाल्या.

"शेठ, आधी ह्याचा पडदा वाचा! मग मला मारा!" मी ओरडले.

साय शेठनं वाचलं. "चिपसेट ड्रायव्हर बसवला जात आहे…"

जुनहावनं मशीनला खोचलेला पेन ड्राइव्ह उपटायला हात घातला. मी त्याच्या आधी उपटला आणि तिसऱ्या मशीनला लावला. ढोल नाही, कापड नाही, फटका नाही. सगळ्यांसमोर बटणं दाबली. पडदा काळा झाला, उजळला, नेट आलं.

"नव्या बोर्डाची ओळख कॉम्प्युटरला करून द्यावी लागते. ते काम ह्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचं. तो न बसवता बोर्ड घातले, म्हणून मशीनं अडली," मी म्हणाले. "बोर्ड कुणी बसवले होते, शेठ?"

शेठनं बोट दाखवलं. "ह्या जुनहावनंच. मामानंच पाठवला होता त्याला, आणि भूत उतरवायचे पैसेही मामानंच घेतले."

मग एक खुर्ची जुनहावच्या डोक्यावर बसली. कुओला लाथा सुरू झाल्या, तोच काटेरी गोळा कुणीतरी उचलला. मी मध्ये पडले.

"पुन्हा तेच? एक हात मोडून पोट भरलं नाही? पोलिसांना बोलवा आणि आधी हिला दवाखान्यात न्या!"

गोळा खाली पडला. शेठची बायको रडत माझ्या पायाशी आली. "बाई, आम्हाला हे ड्रायव्हर वगैरे काय माहीत?"

"माहीत नव्हतं ना? मग मारलं कशाला?"

ती उठली आणि थाओसाठी गाडी बघायला धावली.

थाओची दोन बोटं आता वळत नाहीत, पेन धरताना तिला त्रास होतो. लोकहो, ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. विचारा, वाचा, उघडून बघा. मशीन बंद पडलं तर कारण शोधा, माणूस शोधू नका.