काठ्या घरीच राहिलेला तंबू

कर्रर्र...

एवढाच आवाज झाला. पण भर दुपारी, नऊ महिन्यांचं बाळ नुकतंच कुठे डोळे मिटून पडलेलं असताना, तो सगळ्या घरभर वाजला. बाळाने भोकाड पसरलं. आईने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि क्षणभर स्वतःचेच डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, तो आवाज माझ्या चेनचा होता. मी एक जुना तंबू आहे. कधीकाळी नारिंगी होतो. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईने माझी प्रत्येक शिवण दोनदा मारली. "एकदाच मारली तर उन्हात उसवते," असं ती शेजारणीला सांगत होती. मग या घरातल्या दोघांनी मला विकत घेतलं. तेव्हा ती दोघंच होती. बाबा धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि आई शाळेचे गणवेश शिवायची. मनात आलं की संध्याकाळची बोट पकडून दोघं समोरच्या बेटावर जायची आणि नारळीखाली मला उभा करायची. "याच्यात काय गाढ झोप लागते रे," आई म्हणायची. एकदा खेकड्याने माझा कोपरा कुरतडला, तर तिने तिथे गणवेशाच्या निळ्या कापडाचं ठिगळ लावलं. ते अजून आहे.

पुढे लेक झाली आणि मी कपाटावर गेलो. "पुढच्या सुट्टीत जाऊ," असं दर सुट्टीत ऐकत सात वर्षं तिथेच पडून राहिलो. मग बाळ झालं. आईने माझ्या पिशवीतल्या चारही काठ्या काढून पलंगाभोवती मच्छरदाणी उभी केली. माझी हाडं बाळाच्या कामी आली, याचं मला दुःख नव्हतं. पण परवा ती म्हणाली, "हे धूड सोमवारी भंगारवाल्याला देऊन टाकते. तेवढीच जागा होईल." तेव्हा मात्र माझ्या घडीघडीत थकवा उतरला.

ते लेकीने ऐकलं होतं. म्हणूनच आज तिने मला खाली ओढून माझी चेन उघडली होती.

"अगं, दोन तास मांडीवर घेऊन झोपवलं होतं त्याला!" आई रडवेली होऊन म्हणाली.

"मला एकदाच याच्यात झोपायचं होतं," लेक म्हणाली. "सोमवारी तो जाणार ना?"

शनिवारची अर्धी सुट्टी झोपून काढणारा बाबा डोळे चोळत बाहेर आला. आईने बाळाला खांद्यावर टाकलं, घराकडे एकवार पाहिलं.

"उठलंच आहे सगळं घर. पाचची बोट मिळेल का?"

"आज? असं अचानक?"

"आज नको असेल तर सोमवारी तूही जा भंगारवाल्याबरोबर."

अर्ध्या तासात सामान बांधून झालं. बाबाने मला खांद्यावर मारलं. "हलका झालाय गं हा!"

"वय झालं की वाळतंच माणूस," आई म्हणाली.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं. पण तंबूला तोंड असलं तरी वाचा नसते.

बेटावर पोचेपर्यंत सूर्य पाण्याला टेकला होता. बाबाने पिशवी वाळूत उपडी केली. मी पडलो, खुंट्या पडल्या, दोरी पडली. त्याने पिशवी पुन्हा झटकली.

"काठ्या कुठेत?"

आईने कपाळावर हात मारला. "मच्छरदाणीला."

"वा! सांगाडा घरी आणि कातडं इथे!"

"नऊ महिने त्याच काठ्यांखाली घोरतोस तू. एकदा तरी वर बघितलंस?"

बाबा हसायला गेला, पण मग खाली वाकून खुंट्या गोळा करू लागला. ती मच्छरदाणी रोज कोण लावतं, रात्री तीन-तीनदा कोण उठतं, हेही त्याने कधी पाहिलं नव्हतं.

परतीची बोट सकाळीच होती. त्यांनी माझी दोन टोकं नारळींना बांधली, उरलेली वाळूत ठोकली. मी मधोमध लोंबत राहिलो. अंधार पडल्यावर सर आली आणि माझ्या पोटात पाणी साचू लागलं. शिवण धरून होती, पण मी फार दमलो होतो. आई उठू लागली.

"तू पड," बाबा म्हणाला. तो मधोमध मांडी घालून बसला आणि त्याने मला डोक्यावर तोलून धरलं. पाणी कडेने वाहून गेलं.

"किती वेळ बसशील असा?"

"बघू."

मग बाळ कुरकुरलं. आईचा हात झोपेतच सवयीने पुढे आला. पण बाबाने बाळाला आधीच मांडीवर घेतलं होतं. तो हात वाळूवर अलगद पडला, तो उजाडेपर्यंत हलला नाही. माझ्याहून कितीतरी दमलेलं कुणीतरी माझ्याखाली झोपलं होतं.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जे मुकाट्याने कामाला येतं, मग ती वस्तू असो की माणूस, त्याची एकेक काठी काढून नेताना कधीतरी विचारा, आता तू कशावर उभा आहेस?

ऊन तोंडावर आलं तेव्हा आई दचकून उठली. "अगं बाई, मी सकाळपर्यंत झोपले?" बाबा बसल्या बसल्याच पेंगत होता, मान वाकडी करून.

मायलेकी माझी घडी घालायला लागल्या.

"याला सोमवारी देणार?" लेकीने विचारलं.

"नाही. याच्या काठ्या याला परत देऊ," माझं निळं ठिगळ सरळ करत आई म्हणाली. "मच्छरदाणीचं बघू काहीतरी."

लेकीने मान चोळणाऱ्या बाबाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं,

"आई, घरी गेल्यावरसुद्धा बाबा काठी होतील?"

आईचा हात माझ्या चेनवरच थांबला.