पिंजार गल्लीचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. जाड कागदाचा, मागून कापड चिकटवलेला, उलगडला तर माणसाएवढा. मित्रांनो, सध्या मी कोल्हापूरच्या विद्यापीठात, राज्यशास्त्राच्या खोलीतल्या एका कपाटावर पडून असतो. माझ्या अंगावर जे गाव आहे ते इथून एसटीने पाऊण तासावर. त्याची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मोजणी खात्यातल्या केरबांनी मला काढले. केरबा मोजणीची साखळी घेऊन ते सगळे गाव पायी फिरले होते. पिंजार गल्लीच्या मागून एक ओढा वाहायचा, त्याच्या काठाने तर ते चपला हातात घेऊन चिखलातून चालले. मग आठ दिवस वाकून बसून त्यांनी तो निळ्या शाईने माझ्यावर उतरवला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला कचेरीच्या भिंतीवर टांगले. लोक येत, आपले घर शोधून त्यावर बोट ठेवत आणि उगीचच हसत. ते दिवस फार चांगले होते.

पुढे संगणक आले आणि मी अडगळीत गेलो. माझे कापड जाड म्हणून कुणीतरी माझा उजवा कोपरा कापला आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला. सही, शिक्का, तारीख, सगळे त्याच कोपऱ्यात होते. उरलेला मी रद्दीत निघालो, तेव्हा विद्यापीठातल्या अवंतिका मॅडमनी मला मागून घेतले.

तिथे मला नुजहत भेटली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे वडील अमीन पिंजार गल्लीत गाद्या भरायचे. निवडणुकीआधी प्रभागांच्या हद्दी कशा आखतात आणि त्याने मतांचे काय होते, हा तिच्या लघुप्रबंधाचा विषय होता. त्याच सुमारास तिच्याच गावची नवी प्रभाग रचना कच्च्या स्वरूपात जाहीर झाली. पडताळून बघावे म्हणून तिने मला खाली उतरवले, टेबलावर पसरले आणि थोड्या वेळाने ती खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही.

नव्या रचनेच्या कागदावर लिहिले होते की हद्द ओढ्याच्या काठाने जाते. पण मधल्या काळात तो ओढा पाइपात घालून गल्लीच्या रस्त्याखालून वळवलेला होता. म्हणजे नवी हद्द बरोबर गल्लीच्या मधून गेली होती. इकडची घरे एका प्रभागात, समोरची दुसऱ्या. पाइप अरुंद असल्याने दर पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरे. गल्लीत चारशे अठरा मते होती, तेवढ्यासाठी तरी नगरसेवक पंप घेऊन धावत यायचा. ती मते दोन मोठ्या प्रभागांत विरघळली, तर कोण येणार होते?

हद्द ओढ्याच्या मूळ वाटेने, गल्लीच्या मागून न्यावी, अशी हरकत घ्यायचे नुजहतने ठरवले. अवंतिका मॅडम काळजीत पडल्या. म्हणाल्या, "तू अभ्यास करणार आहेस की अर्ज? दोन्ही केलंस तर बाहेरचे परीक्षक तुझं लिखाण एकतर्फी म्हणतील."

"रेघ माझ्या दारातून गेलीय, मॅडम," नुजहत म्हणाली. "मी लांब उभी राहून कशी बघू?"

मॅडमनी मला गुंडाळले, दोरीने बांधले आणि तिच्या हातात दिले.

हरकतीसाठी हातात सहा दिवस होते. नुजहत मला काखेत घेऊन दारोदार हिंडली. दोन्ही प्रभागांतले इच्छुक उमेदवार तिच्याआधीच येऊन गेले होते. कुणाला नळ कबूल केला होता, कुणाला दिवा. सही केली की कटकट होते, असे म्हणून लोक दार लोटून घेत. शेवटच्या दिवशी अर्जावर तेवीस सह्या होत्या, त्यातल्या सात अमीनच्या नात्यातल्या. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने मला उलगडले आणि शिक्का कुठे आहे, ते विचारले. माझा कोपरा तर नव्हता. अर्ज त्याने ठेवून घेतला, पण सुनावणीला शिक्क्याची प्रत आणा म्हणाला.

दुसरी प्रत शोधली, ती कुठेच मिळाली नाही. उरले एकटे केरबा. नाव विचारत विचारत ती गडमुडशिंगीला पोचली. केरबा लेकीकडे राहत होते, डोळ्यांनी फार कमी दिसत होते. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. बोट ओढ्यावर आले तसे थांबले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी त्यांनी मला ओळखले. त्या क्षणी मला वाटले, आता सगळे नीट होणार.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटे होती. नुजहतने मला धरले, केरबांनी ओढा दाखवला. अधिकारी वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आजोबा, तुमचं खरंही असेल. पण यावर शिक्का नाही, मी काय लिहू?"

केरबा म्हणाले, "साहेब, शिक्का न्हाय, पर मोजणारा माणूस हाय की हितं. वढा मी पायानं मोजलाय."

अधिकाऱ्याने मान खाली घातली आणि लिहिले, पुराव्याअभावी हरकत अमान्य. बाहेर आल्यावर केरबा सारखे तिची माफी मागत होते. तिला त्यांना थांबवता येईना.

नुजहतने लघुप्रबंध पुरा केला. पहिल्याच पानावर लिहिले की या प्रकरणात मी स्वतः हरकतदार आहे. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवले आणि गुण कापले. मतदानाच्या दिवशी गल्लीतले लोक दारातून निघाले आणि अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे गेले.

पुढच्या ऑगस्टात पाणी आले. अमीनच्या दुकानातला सगळा कापूस भिजला. नुजहतने गुडघाभर पाण्यात उभे राहून एका नगरसेवकाला फोन केला. ते म्हणाले, तो भाग शेजारच्या प्रभागात येतो. शेजारचे म्हणाले, पाइप पलीकडच्या हद्दीत आहे. तिने दोघांना पुन्हा पुन्हा फोन लावले. शेवटी अमीन म्हणाले, "फोन ठेव, बेटा. बादली घे."

मित्रांनो, मी कागद आहे, मला ओरडता येत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगतो, ती नुजहतने शोधून काढली. ती कच्ची प्रभाग रचना कचेरीबाहेरच्या फलकावर कितीतरी दिवस लावलेली होती. तेवढ्या दिवसांत गावातली अकरा माणसे ती बघायला आली. अकराच! तुमच्या गावात असा कागद लागेल, तेव्हा कृपा करून जा. गर्दी करा. त्यावर बोट ठेवून आपले घर शोधा, आणि रेघ कुठून जाते ते तेव्हाच विचारा. नंतर विचारायला कुणाकडे जावे, ते मला माहीत नाही.