डाव्या कुशीतलं बाळ

फवारणीवाले दारात आले तेव्हा सुईण सुनेच्या केसांना तेल लावत होती. सात वर्षांत पहिल्यांदाच.

"पुढच्या घरी जा, बाबांनो. पोटुशीला औषधाचा वास सोसायचा नाही."

"मावशी, वाळूमाशीसाठीच मारतोय. गोठ्याच्या ओल्या भेगांत लपते ती. चावते, पण गुणगुणतसुद्धा नाही. काळा आजार तिच्यामुळेच—"

"चाळीस वर्षं बाळंतपणं करतेय मी. मला शिकवतोस होय रे?"

ते हसले आणि गेले.

मूल होत नाही म्हणून सुनेचं अंथरूण कित्येक वर्षं त्याच गोठ्याच्या भिंतीलगत होतं. गेले तीन महिने तिला ताप येत होता, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, तरी कुणाला काही वाटलं नव्हतं. मग पोट दिसू लागलं. सासूने डाव्या बरगडीखाली हात ठेवला. आत घट्ट काहीतरी लागलं. "एका कुशीला दडून बसलाय लबाड!" शेकडो पोटं अचूक ओळखणारा तो हात घरच्या पोटावर मात्र आशेने आंधळा झाला. त्याच दिवशी सून घरातल्या खाटेवर आली. सासूच्या हाकेतही 'वांझोटी'ची 'बाळ' झाली.

दुपारी सासू बाहेर गेली असताना आरोग्यसेविका आली. पोट चाचपताच तिचा चेहरा उतरला.

"अगं, हे मूल नाही. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. काळा आजार वाटतोय. आजच चल दवाखान्यात, औषधाने बरी होशील."

सून खाली बघत राहिली. "ठाऊक आहे, ताई. आत काही हलतच नाही. पण चार दिवस नका ना सांगू. आत्ता कुठे जेवलीस का म्हणून विचारतात."

सेविकेने संध्याकाळी येऊन सांगितलंच. सांगणं भाग होतं.

"नाटकी! माझ्या हाताला फसवलंस!" सासू कडाडली. अंथरूण पुन्हा गोठ्याच्या भिंतीपाशी गेलं. "नेतो की," नवरा म्हणाला, "हातातलं काम तरी उरकू दे." काम पाच दिवस उरकलं नाही. सहाव्या दिवशी सेविका स्वतःच गाडी घेऊन आली, तेव्हा उचलून न्यायला काही उरलं नव्हतं.

महिन्याभरात सुईण मुलासाठी दुसरी मुलगी पाहायला गेली. मुलीच्या आईने चहा पुढे करत विचारलं, "पहिली कशाने गेली हो?"

"माशी चावली," सुईण म्हणाली.

ते खोटं नव्हतं. सगळे चुकचुकले. ती झोपत कुठे होती, हे मात्र कुणीच विचारलं नाही.