नऊ नंबरचे बूट

विद्यापीठाच्या स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने शशिधरांच्या मफलरवर एक गोल स्टिकर चिकटवला आणि अंगठ्याने दाबून बसवला. त्यावर ‘पेरेंट’ असं छापलेलं होतं.

“मी ग्रँडफादर आहे,” शशिधर तिला म्हणाले.

“त्यांचे वेगळे छापलेलेच नाहीत,” ती हसून म्हणाली. “आजच्या दिवस चालेल ना?”

तनिषाने त्यांचा हात धरून त्यांना रांगेतून बाजूला घेतलं. “आजोबा, प्रमोशन झालं तुमचं.”

“डिमोशन म्हण. बापाला कामं फार असतात.”

काम तर त्यांनाही होतं. सकाळी लीड्स स्टेशनवर सोडताना अंबरीशने त्यांना गाडीतच दोन मिनिटं थांबवून घेतलं होतं. तनिषा कॉफी आणायला पुढे गेली होती. “बाबा, माझ्या फॅक्टरीत आज पंप उघडलेत, मला येता येत नाही. ऑफर दोन्हीची आली आहे, मेकॅनिकलची आणि त्या आवाजाच्या इंजिनीअरिंगची. बुधवारपर्यंत एकीला ‘हो’ क्लिक करायचंय. माझं काही ऐकून घेत नाही ती. तुमचं ऐकते. मेकॅनिकलचं ‘हो’ घेऊन या, बस.” शशिधरांनी मान डोलावली होती. तीस वर्षं लीड्सच्या हॉस्पिटलात त्यांनी लोकांची हाडं जुळवली होती. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकून ते कधी घरी आले नव्हते.

पण त्या मोठ्या हॉलमध्ये शिरल्यावर काम जरा मागेच पडलं. एका टेबलावर एक पूल होता, त्यावर मुलं एकेक वजन ठेवून तो कधी मोडतो ते बघत होती. दुसरीकडे प्लास्टिकचा गुडघा होता. तो शशिधरांनी हातात घेतला, वाकवून पाहिला, आणि टेबलामागच्या विद्यार्थ्याला हा कुठल्या कोनात अडकतो आणि का अडकतो हे पाच मिनिटं समजावून सांगितलं. विद्यार्थी लिहून घेऊ लागला तेव्हा तनिषाने त्यांना कोपराला धरून पुढे काढलं.

“आजोबा, इथे ते आपल्याला माहिती देतात. आपण नाही त्यांना.”

“अगं, विचारल्याशिवाय कळणार कसं? चल, तुझं टेबल कुठलं?”

तिच्या टेबलावर एक पत्रक होतं. शशिधरांनी चष्मा वर करून ते ओळ न् ओळ वाचलं. तीन वर्षांचा पदवीचा कोर्स, बीएंग. चार वर्षांचा एमएंग. दोन्हींत मध्ये एक वर्ष कंपनीत काम करायची सोय, म्हणजे तेवढं वर्ष वाढणार. पहिलं वर्ष मेकॅनिकल आणि अकूस्टिकल, म्हणजे आवाजाचं, दोघांनाही एकच. गणित एक, लॅब एक, हातोडीसुद्धा एकच असावी.

“म्हणजे पहिल्या वर्षी सगळे एकाच पंगतीला,” ते म्हणाले. “मग तू मेकॅनिकलला बस ना. पुढे वाटलं तर बदल.”

“बदलायला सीट असायला पाहिजे. गॅरंटी नाही.” तिने त्यांच्याकडे बघितलं. “हे बाबांनी सांगितलंय ना बोलायला?”

शशिधरांनी पत्रकाची घडी घातली. “तू आवाजाचं शिकून करणार काय, ते तरी सांग. कुतूहल म्हणून विचारतोय.”

“ट्रेनचा आवाज कमी करायचं. क्लासरूम, ऑपरेशन थिएटर. आणि...” ती थांबली. “एक गोष्ट आहे, मला फिक्स करायची आहे. लॅब बघितल्यावर सांगते.”

लॅबमध्ये दोन खोल्या होत्या. त्या दाखवणारे प्राध्यापक उंच, वाकलेले आणि भलतेच उत्साही होते. पहिल्या खोलीच्या भिंती काँक्रीटच्या, गुळगुळीत, एकही भिंत दुसरीला समांतर नाही. त्यांनी एक टाळी वाजवली. ती टाळी गेलीच नाही. छताला लागली, कोपऱ्यात गेली, पुन्हा आली, आणि कितीतरी वेळ खोलीत फिरत राहिली. मुलं खूष झाली. प्राध्यापक काहीतरी बोलू लागले. शशिधरांना त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज तर भरपूर येत होता, पण शब्द एकमेकांवर चढत होते. कानातली दोन्ही मशिनं चालू होती. सगळे हसले. मग तेही हसले.

हे त्यांच्या ओळखीचं होतं. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी हेच होत असे.

तिसऱ्या शनिवारी लीड्सच्या मंडळाचं कीर्तन असायचं. त्यासाठी एका शाळेचा जिमचा हॉल घेतलेला, जमिनीवर बॅडमिंटनच्या पिवळ्या रेघा आणि त्यांवर अंथरलेल्या सतरंज्या. आठवडाभर फार्मसीत औषधं देणाऱ्या वरदाताई त्या दिवशी नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहायच्या. पूर्वरंग संपला की मध्यंतरात कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा मान सगळ्यांत ज्येष्ठ श्रोत्याचा, म्हणजे शशिधरांचा. अकरा वर्षं तो त्यांनी आनंदाने केला होता. लहानपणी कीर्तन ऐकता ऐकता ते सतरंजीवर झोपी जात आणि झोपेतही टाळाचा ठेका चुकत नसत, असं त्यांची आई सांगायची.

आणि दोन वर्षांपासून त्यांना कीर्तनातलं काही आतपर्यंत पोचेनासं झालं होतं. समोर बसूनही नाही. कान तपासून घेतले, मशिनं लावून तपासणीच्या त्या बंद पेटीत सगळं ऐकू आलं. घरी बातम्या ऐकू येत, सून हळू बोललेलंही ऐकू येई. मग राहिलं काय? कान ठीक असून कीर्तन ऐकू येत नसेल, तर आपलंच चित्त उडालं, असं डॉक्टर शशिधरांनी निदान केलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त गेल्या दिवाळीनंतर हार पुढे आला की ते शेजारच्याकडे बोट दाखवायचे. “आता दुसऱ्या कुणाला द्या. मी पुष्कळ घातले.” ज्याचं मन जागेवर नाही त्याने नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या बाईला हार कशाला घालायचा?

दुसऱ्या खोलीचं दार तिजोरीसारखं जाड होतं. आत भिंतींना, छताला, खालीसुद्धा स्पंजाची टोकदार शिंगं, आणि मध्ये चालायला तारेची ताणलेली जाळी. एका वेळी दोघांनीच जायचं होतं. दार बंद झालं आणि शशिधरांना आपल्याच कोटाच्या अस्तराची सळसळ ऐकू आली.

“आजोबा, तुम्ही इथे थांबा. बसायचं नाही, ओके?”

तनिषा जाळीवरून पलीकडच्या टोकाला गेली. तिथे ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“तोंड इकडे कर ना.”

“नाही. मुद्दाम.” आणि ती हळू आवाजात, जेवताना मीठ मागावं तशी बोलू लागली. “एक माणूस देवळात गेला. नवीन बूट होता त्याचा, तो बाहेर ठेवली. आत हात जोडला, पण एक डोळा सारखा बाहेर, बूटवर. पुजारी म्हणाले, डोळे मिट. हा नाही मिटत. मग देवच बोलले. म्हणाले, अरे, बिनधास्त मिट डोळे. नऊ नंबरचे आहेत. मला नाही होत.”

शशिधर हसले. हसू फुटलं ते तिच्या शेवटच्या शब्दावरच फुटलं, आणि ते तोंडापाशीच राहिलं, कुठेही घुमलं नाही. ते आणखी हसले. मग हसता हसता त्यांनी हात पुढे केला, धरायला काही नव्हतं, म्हणून तो तसाच मफलरवर ठेवला.

“हे कुठलं?” त्यांनी विचारलं.

“वरदाताईंचं. लास्ट मंथ. तुम्ही पहिल्या रांगेत होता.”

बाहेर एका बाकावर ती दोघं चहाचे कागदी कप घेऊन बसली. शशिधर बराच वेळ कपावरचं झाकण काढत आणि लावत होते.

“तुला कधी कळलं?”

“तुम्ही सगळ्यांच्या मागून हसता. एक सेकंद लेट. आणि मग हार घालायचं पण बंद केलं.” तिने पाय वर घेतले. “मला वाटलं, तुम्हाला एम्बॅरसिंग होतंय, म्हणून बोलली नाही.”

“मला वाटलं, माझं चित्त लागत नाही.”

“चित्त म्हणजे?”

त्यांनी शब्द शोधला. “म्हणजे अटेन्शन. नाही, नुसतं अटेन्शन नाही. जाऊ दे.”

“पण ते तुमचं काही नाही, आजोबा. हॉल आहे तो. बॅडमिंटनसाठी बांधलाय, बोलण्यासाठी नाही. मशीन पण बिचारी काय करणार, ते एको पण मोठा करते.” ती भराभरा बोलू लागली, हातांनी भिंती दाखवत, छताला कुठे काय लटकवायचं, स्पीकर कुठे न्यायचे, कानातल्या मशिनांत थेट आवाज सोडणारा लूप म्हणजे काय. “अजून मला सगळं नाही येत. म्हणूनच शिकायचंय.”

फोन वाजला. अंबरीशचा होता. शशिधरांनी तो स्पीकरवर टाकला.

“बाबा, झालं का काम?”

“बघितलं सगळं. छान आहे. पहिलं वर्ष दोघांचं एकच आहे, तुला माहीत होतं?”

“हो, पण क्लिक कशावर करणार?”

“आवाजावर.”

पलीकडे पंपांची घरघर ऐकू आली. “बाबा! तुम्हाला मी पाठवलं कशाला? मी वडील आहे तिचा.”

“माझ्या मफलरवर पेरेंट लिहिलंय,” शशिधर म्हणाले. “घरी आल्यावर भांड. आणि अंबरीश, ती तुला नीट समजावून सांगेल. या वेळी ऐकून घे. मधे बोलू नकोस.”

फोन ठेवून त्यांनी खिशातलं पत्रक काढलं, उलगडलं आणि त्यावर बोट फिरवत गेले.

“हा चारवाला, मध्ये कंपनीच्या वर्षासकट. म्हणजे पाच. हाच घे.”

“पाच वर्षं? बाबा म्हणतात तीन पुरे.”

“पाचच घे. नीट शीक. कंपनीतही काम कर.” त्यांनी मनात स्वतःच्या वयाची बेरीज केली. एक्याऐंशी आणि पाच. मग पुन्हा फोन उचलून दोन्ही अंगठ्यांनी, सावकाश, वरदाताईंना मेसेज लिहिला आणि तनिषाला दाखवला. ‘येत्या तिसऱ्या शनिवारी हार मी घालीन.’

तनिषाने तो वाचला. तिचा चेहरा जरा उतरला.

“पण आजोबा, हॉल अजून तसाच आहे. तुम्हाला ऐकू नाही येणार.”

“नाही येणार,” शशिधर म्हणाले आणि मेसेज पाठवला. “तोवर मी सगळ्यांच्या मागून हसेन.”