भानुमतीबाईंची चेष्टा

भानुमतीबाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. लोकांसमोर, स्टेजवर बसून, दहा मिनिटं एकटीनं तबला वाजवायचा. नऊ वर्षांच्या असताना साताऱ्याला काकांच्या तबल्यावर थाप मारली म्हणून पाठीत धपाटा बसला, आणि तेव्हापासून हे डोक्यात बसलं ते बसलंच. काकांचा धपाटाही तालात होता, असं त्या अजून सांगत.

लग्न होऊन झाशीला आल्या. नवरा मालगाडीवर गार्ड. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत तीन मुलं वाढवली, आणि तेवढ्या वर्षांत पिठाचा डबा, परात, खुर्चीची पाठ, काही म्हणून बडवायचं ठेवलं नाही. धाकटा नोकरीला लागून भोपाळला गेला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी पदर खोचला. ओरछा गेटमधल्या एका वादकाकडे शिकवणी धरली आणि घरात खराखुरा तबला आणला.

त्यांचे यजमान हरिभाऊ म्हणजे लाख माणूस, पण चेष्टेखोर. कुणाची तरी चेष्टा केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे, आणि घरात तर दोघंच. "भानू, आज इंजिन वाफ धरत नाहीये वाटतं?" नाहीतर, "भानू, सिग्नल कधीचा पडलाय, सोड आता गाडी!"

"अहो, चेष्टा पुरे. एक दिवस स्टेजवर बसेन तेव्हा बघा," बाई म्हणत.

"बस की! मी हिरवी झेंडी दाखवीन."

नवराच असा म्हटल्यावर कॉलनीतल्या मराठी बायका कशाला मागे राहतील? हळदीकुंकवाला गेल्या की बाईंच्या पुढ्यात मुद्दाम पालथी परात सरकवली जायची. चेष्टा हा शब्द चार वर्षं असा रोज बाईंच्या कानाशी होता. त्या हसण्यावारी नेत, पण एखादे दिवशी डोळ्यांत पाणी यायचंच.

स्टेजची वाट जात होती सिव्हिल लाइन्समधल्या एका संगीत विद्यालयातून. तिथली परीक्षा पास झालात तर वार्षिक जलशात बसायचं, नाहीतर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या. पहिल्या खेपेला बाईंचे हात इतके कापले की तबला आपोआपच वाजला. दुसऱ्या खेपेला मात्र त्या तयारीनं गेल्या. परीक्षक पंडित श्रीकृष्णजी समोर डोळे मिटून बसलेले. झपताल छान चाललेला, दहाच्या दहा मात्रा जागच्या जागी. एवढ्यात लांबून मालगाडी आली. तेहतीस वर्षं रुळांच्या शेजारी राहिलेला कान तो, गेला गाडीमागे! चाकांच्या खडखडाटाबरोबर झपतालाचं काय झालं ते देव जाणे, पण मालगाडी हुबेहूब वाजली. बाईंना आपलंच हसू आलं, अगदी खुदकन. पंडितजींनी डोळे उघडून बघितलं.

पंधरा दिवसांनी निकालाचा कागद आला. ठळक हिंदी अक्षरांत लिहिलं होतं, "अनुत्तीर्ण। परीक्षार्थी ने बहुत चेष्टा की है। आगे भी इसी प्रकार चेष्टा करती रहें।"

बाईंनी कागद दोनदा वाचला. आपण हसलो ते पंडितजींना लागलं तर! एवढ्या मोठ्या माणसाची आपण चेष्टा केली, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. आणि वर टोमणा, करा अजून! नापास झाल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. पण ज्या गोष्टीवर जीव टाकला तिचीच आपण टिंगल केली, असं कुणी म्हणावं? त्यांनी तबला-डग्गा हरिभाऊंच्या जुन्या कोटात बांधला आणि माळ्यावर टाकला. गुरुजींना तोंड दाखवायचीही लाज वाटली, म्हणून शिकवणीही सोडली.

घर गप्प झालं. रात्रपाळी करून आलेल्या हरिभाऊंना दुपारी धा-धिंच्या गोंगाटात डाराडूर झोप लागायची, ती आता लागेना. दोन दिवस ते कुशी बदलत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना कागद सापडला. वाचून, बाईंकडून त्या हसण्याची हकिकत ऐकून त्यांनी डोक्यात राख घातली, युनिफॉर्म चढवला आणि भरदुपारी सायकल काढली. बाई "अहो, नको हो, अहो!" करत टांग्यानं मागोमाग.

त्या पोचल्या तेव्हा पंडितजींच्या अंगणात जुंपलेली होती.

"हमारी घरवालीने चेष्टा बिलकुल नहीं की!" हरिभाऊ गरजत होते.

"की है, साहब. हमने अपने कानों से सुनी."

"वो ख़ुद पे हँसी थी! इसमें चेष्टा कैसी?"

"हँसीं, सो ठीक है. पर चेष्टा भी की, और मन से की. बिना चेष्टा के तबला कहीं आता है?"

"चेष्टा करने को घर में हम हैं ना! चार साल से रोज़ करते हैं!"

पंडितजींचा चेहरा एकदम खुलला. "अच्छा! आप भी तबला बजाते हैं?"

हरिभाऊ हातातल्या कागदाकडे आणि पंडितजींकडे आळीपाळीनं बघू लागले. बाईंच्या मनात मात्र काहीतरी लुकलुकलं. त्या पुढे झाल्या. "पंडितजी, ये चेष्टा माने क्या?"

"माने प्रयत्न, बहनजी. कोशिश."

बाजारात, स्टेशनवर, भाजीवाल्याकडे तेहतीस वर्षं जो तो कोशिशच म्हणत आला होता. पुस्तकातली हिंदी या दोघांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. बाईंनी कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. खूप प्रयत्न केला आहे. पुढेही असाच करत राहा. चार वर्षांत त्यांच्या तबल्याबद्दल असं कुणीच बोललं नव्हतं, आणि तेच वाचून त्यांनी तबला माळ्यावर टाकला होता! त्या तिथंच अंगणात रडल्या आणि रडता रडता हसल्या.

"और मराठी में?" पंडितजींनी विचारलं.

"मज़ाक," हरिभाऊ खालमानेनं म्हणाले.

पंडितजी पोट धरून हसले. मग म्हणाले, "पर झपताल आपका कच्चा है, बहनजी. रेलगाड़ी दस मात्रा में नहीं चलती."

तबला माळ्यावरून उतरला. बाई आता मुद्दाम यार्डाकडच्या खिडकीत, गाडी यायच्या वेळेला बसू लागल्या. पहिले काही महिने गाडीच जिंकायची. मग कधीतरी बरोबरी होऊ लागली. पुढच्या परीक्षेला बाई पास झाल्या.

जलशात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. दहा मिनिटांत एकदा मालगाडी आलीच. कॉलनीतल्या बायकांनी श्वास रोखला. गाडी तिच्या वाटेनं गेली, झपताल आपल्या वाटेनं चालत राहिला.

उतरून आल्या तर पायरीशी हरिभाऊ, युनिफॉर्ममध्ये. हिरवी झेंडी आणली होती खरी, पण ती दाखवायची राहून गेली, कारण तिनंच ते डोळे पुसत होते.

"भानू," ते म्हणाले, "चेष्टा छान केलीस."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "कुठली?"

"हिंदीतली," हरिभाऊ म्हणाले, आणि झेंडी पुन्हा डोळ्यांना लावली.