चाळीस पावलांवरचं हरीण

बंदुकांच्या दुकानात हस्केलने तिसरं पिस्तूल काउंटरवर ठेवलं, तेव्हा ऑर्विन टकेटने ते उचलायच्या आधी आपला उजवा खांदा चोळला. उन्हाळ्यात त्या खांद्यात धातूचा सांधा बसवला होता, आणि बंदुकीचा दस्ता पुन्हा तिथे टेकवायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. डावा खांदा धडधाकट होता, पण डाव्या डोळ्याला लहानपणापासूनच धड दिसत नव्हतं. तेव्हा फक्त ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारूगोळा भरायच्या, हत्यारांनी हरीण मारायची मुभा असलेला मोसम सुरू व्हायच्या आत त्याला ठासणीचं पिस्तूल घेणं भाग होतं.

नाही घेतलं तर काय, हे तो चांगलं ओळखून होता. ओझार्कच्या डोंगरात त्याची आणि त्याच्या सोबत्यांची शिकारीची खोपटी होती आणि तिथला नियम जुना होता. ज्याच्याकडे बंदूक नाही, त्याने चूल सांभाळायची. वायली म्हातारा असाच एका वर्षापुरता म्हणून चुलीपाशी गेला होता. दोन वर्षांत त्याला हरणांबद्दल कोणी विचारेनासं झालं. विचारायचे ते मिठाबद्दल.

दुकानामागे गवताच्या गठ्ठ्यावर कागदी ताटली टाचली होती. जितक्या अंतरावरून सगळ्या गोळ्या ताटलीत बसतील तितकंच आपलं अंतर, त्यापुढचं हरीण सोडून द्यायचं, अशी तिकडची रीत. पहिलं पिस्तूल नुसतंच दिसायला देखणं होतं, ते ऑर्विनने बाजूला सारलं. दुसरं हलकं होतं. त्याने तीस पावलांवरून सगळ्या गोळ्या ताटलीत घातल्या. तिसरं म्हणजे लोखंडाची पहारच. ते हात लांब करून धरलं की खांदा थरथरायचा. जवळ जवळ येत तो पंधरा पावलांवर आला, तेव्हा कुठे गोळ्या ताटलीत बसल्या.

"हलकं घ्या, दाजी," डार्ल म्हणाला. हा त्याचा मेव्हणा, खोपटीचा कारभारी, आणि न विचारता सल्ला देण्यात पटाईत. "पंधरा पावलांवर यायला हरीण काय तुमच्या ओळखीचं आहे?"

"हलक्याची गोळी आत जाऊन नुसती रुतते," ऑर्विन म्हणाला. "हरीण दोन डोंगर रक्त सांडत जातं, मग कुठंतरी पडतं."

हस्केलला दोन्ही विकायची होती, तरी त्याने मान डोलावली. जे पेलतं ते धड मारत नाही आणि जे मारतं ते पेलत नाही, अशी ही इकडे आड तिकडे विहीर. बाहेर गाडीत बसून कंटाळलेली नेल्डा आत आली आणि नवऱ्याचा चेहरा बघून समजुतीने म्हणाली, "एवढं कशाला जिवाला लावून घेतोस? यंदा चुलीपाशी बस. बीन्स तू छानच करतोस."

ती मायेने बोलली होती. म्हणूनच ते ऑर्विनला फार लागलं. त्याने जड पिस्तूल घेतलं.

महिनाभर रोज सराव करून पंधराची वीस पावलं झाली. त्यापुढे खांदा हटूनच बसला.

मोसमाच्या पहिल्या दिवशी तो ओढ्याकाठी एका ओकच्या बुंध्याशी बसला. दुपार कलली तेव्हा पलीकडच्या काठावर नर आला. चांगली चाळीस पावलं लांब. आडवा उभा राहून निवांत पाणी प्यायला लागला. ऑर्विनने दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं. नेम छातीवरून पोटावर घसरत होता, पुन्हा वर येत होता. त्याने हात खाली घेतले. नर पाणी पिऊन निघून गेला आणि ऑर्विनला अगदी रडू आलं.

भरलेलं हत्यार खोपटीत न्यायचं नसतं, आणि ठासलेलं पिस्तूल रिकामं करायचं तर ते झाडूनच टाकायचं. अंधारून आलं तसा त्याने ओढ्याच्या चिखलात बार काढला. दरी दणाणली. खोपटीतली माणसं कंदील आणि हरीण ओढून न्यायला दोर घेऊन धावत आली.

"पडलं?" पुढे असलेल्या डार्लने विचारलं.

नुसतं रिकामं केलं असं सांगितलं, तर डार्ल काय म्हणणार हे ऑर्विनला त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. उद्या आतच बसा दाजी, आत ऊब आहे.

"चुकलं," ऑर्विन म्हणाला.

"किती लांब होतं?"

"चाळीस पावलं."

 डार्ल म्हणाला, "वीस पावलांच्या पिस्तुलाने चाळीसवर मारलंत? दाजी, तुम्ही?"

"मोह झाला."

नेम चुकलेल्याच्या शर्टाची मागची पट्टी कापून भिंतीला ठोकायची, हा त्या डोंगरातला दंड. भिंत पट्ट्यांनी भरली होती. इतक्या वर्षांत ऑर्विनची मात्र एकही नव्हती, त्यामुळे सगळ्यांना भलताच चेव आला. तो पाठ करून उभा राहिला. डार्लने कात्री चालवली, पट्टीवर नाव लिहिलं आणि खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "उद्या पलीकडच्या काठावर बसा. तिकडून येतंय ना, जवळ पडेल."

"बसतो," ऑर्विन म्हणाला.

उघड्या पाठीला चांगलीच थंडी झोंबत होती. चुलीजवळची जागा रिकामी होती. तो दाराकडच्या बाकावर जाऊन बसला.